मनगटावरचा शिक्का

हसू नका, पण मी खरंच जेलात अडकली होती! बायका जेलात काहून पडून राह्यतात, याचा अभ्यास कराले सरकारनं समिती नेमली अन् त्यात आसेगावची अंगणवाडी सेविका म्हणून मलेबी घेतलं. महिला जेलाच्या गेटवर आमच्या मनगटावर शिक्का मारला. निघतानी तो दाखवला तरच बाहेर सोडतात.

आत धनजची कांताबाई भेटली. तिले जामीन कवाचाच मंजूर झाला, पण जामीनदार म्हणून कोणी उभं राहीना, म्हणून आतच. ती भाकरी थापून राह्यली होती. मी म्हटलं, "अवं, इतकी जाड थापते का कोणी? सरक!" अन् बसली परातीपुढं. चार भाकरी थापल्या, मस्त हात धुतले.

गेटवरची शिपाईबाई म्हणे, "शिक्का?"

पाह्यतो तं मनगट साफ!

"अवो, मी समितीची आहो!"

"इथं सगळ्याच काई ना काई सांगतात. तुमाले ओळखणारं कोणी हाय?"

बाकी समिती बाहेर गाडीत बसली, माहा मोबाईल गेटवर जमा. मले गेटपर्यंत सोडाले आलेली कांताबाई मागून ओरडली, "मॅडम, मी उभी राह्यतो हिची जामीनदार! आमच्याच जिल्ह्याची हाय, आताच माह्या भाकरीले नावं ठेवली तिनं!"

शिपाईबाई इतकी हसली का तिनं कुलूपच काढलं.

मी बाहेर पाय टाकला, तं कांताबाई गजातून म्हणे, "मी तुले सोडवलं, बाई. आता तुई बारी."