पेवाच्या तोंडाशी

नाही बाळासो, तो धडा मी गाळणार नाही — तुम्ही कॉलेजच्या मंडळाचे चिटणीस, घरी आलात, चहा घ्या, पण निरोप परत न्या. जमाखर्चाच्या वर्गाला नीती शिकवा, हा ठराव तुमचाच ना? मग काय शिकवू? खरं बोलावं? ते पोरं बिगारीत शिकून आलीत. मी पेव शिकवणार. हो, हळदीचं पेव! जमिनीत खोल खड्डा, तोंड लिंपलेलं — आत माल आहे की नुसता अंधार, कोण सांगणार? तपासनीस येतो, गादीवर बसतो, मालक म्हणेल तेवढी पोती मांडतो, सही ठोकतो. गेल्या साली एका पोरानं तसं केलं नाही. म्हणाला, माल बघितल्याशिवाय सही नाही.

लालासाहेबांना वाईट वाटेल? वाटू दे की! वर्गखोली त्यांनी बांधून दिली, म्हणून फळ्यावर काय लिहायचं तेही हळदीच्या व्यापाऱ्यानं ठरवायचं? पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, हे सांगलीत कुणाला ठाऊक नाही? त्या पोरालाही होतं. तोंड उघडून थांबायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर पुन्हा थांबायचं. पण गाड्या जुंपलेल्या, लालासाहेब घड्याळ काढून उभे — “काय रावसाहेब, इस्वास नसंल तर उतरा की! का दिवसभर आमी हितंच हुबं ऱ्हाऊ?” चारचौघांत, वडीलधारा माणूस. कोट काढला आणि अर्जुना शिडीवरून —

हो, अर्जुना. आमचाच. तुम्ही साताऱ्याहून नवे आलात, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. वर काढला तेव्हा संपला होता. — बसा, उठू नका.

आत ही आहे ना, ती विचारते, लोकांच्या पोरांनाही पेवात उतरायला शिकवणार का? शिकवणार. पण आधी थांबायला शिकवणार. पैशाला तो बधला नाही हो, भिडेला बधला! लाचेवर पुस्तकं आहेत, भिडेवर एक पान नाही. मालक टोमणे मारोत, गाड्या सोडोत — आपण कडेच्या दगडावर बसून राहायचं. हीच नीती. दुसरी मला येत नाही.

मला काढायचं तर ठराव करून काढा. सोमवारी पहिला तास माझा. लालासाहेबांना म्हणावं, या, बाकावर बसा — तास संपेपर्यंत मात्र उठू देणार नाही.

निघा आता तुम्ही.