मी फक्त सिनेमाबद्दल बोलत होतो

...नाही, पण सिनेमा बघताना माणसानं तोंड उघडायचंच नाही का? तुम्हाला सांगतो, मी फक्त सिनेमाबद्दल बोलत होतो. मुलगी पहिल्यांदाच त्याला घरी घेऊन आलेली, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाला, आता होणारा आहे की नाही देव जाणे, त्याला बघायला मेव्हणीही आलेली, तर चहा झाला, हवापाणी झालं, मग कुणालाच काही सुचेना म्हणून आमच्या हिनं टीव्हीवर सिनेमा लावला. मुलीनं आधीच दम भरलेला, बाबा, आज शिकवायचं नाही. अहो, पण जन्मभर मानसशास्त्र शिकवलेल्या माणसापुढे असा नायक आणून उभा करायचा... टॉवेलांच्या घड्या पट्टीनं मोजणारा, बायकोनं लावलेली उशी पुन्हा स्वतः लावणारा! सुटली जीभ. म्हटलं, हा नुसता स्वभाव नव्हे, हा व्यक्तिमत्त्वाचा विकार, अशाबरोबर संसार म्हणजे रोज परीक्षा. आणि शेजारी बघतो तर काय, पाहुणा रिमोट टेबलाच्या कडेला समांतर लावत होता. हात तिथंच थिजला बिचाऱ्याचा.

आता गप्प बसावं की नाही? मी सावरायला गेलो. म्हटलं, छे छे, हा नायक त्यातला नाहीच, याला एकटं पडायची भीती आहे, बघा ना, बायकोला तासातासाला फोन करतो. तशी मुलीनं हातातला फोन उशीखाली सारला. म्हटलं, तेही नको, हा मुळात नाटकी, लोकांनी बघावं म्हणून रडतो... तर तिकडे मेव्हणी, डोळ्याला रुमाल! एका सोफ्यावर खिरापत वाटावी तसे विकार वाटले हो मी, आणि तेही फक्त सिनेमाबद्दल बोलताना. शेवटी ही म्हणाली, "अहो, गप्प बसायचा एखादा विकार असेल तर तेवढा घ्या ना करून."

पाहुणा अर्ध्यातूनच उठला. दारात आमच्या चपला कशाही पडलेल्या. तो सरळ करायला वाकला, माझ्याकडे बघितलं आणि चपला तशाच सोडून बाहेर पडला. ते मात्र बघवेना हो. मुलीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि मी अनवाणीच जिना उतरलो, फाटकापाशी गाठलं त्याला, म्हटलं, अहो, मी फक्त सिनेमाबद्दल... त्यानं आधी फाटकाची कडी नीट बसवली. मग म्हणाला, "काका, तो शेवटी बरा होतो का?"

"होतो की," मी म्हटलं, "आणि बायकोही त्याला सोडत नाही."

इतक्या ठामपणे मी वर्गातसुद्धा कधी काही सांगितलं नसेल. आणि सिनेमाचा शेवट, तुमच्यापासून काय लपवायचं, मी पाहिलेलाच नव्हता.

त्याचा चेहरा असा काही उजळला म्हणता! आता रविवारी उरलेला अर्धा बघायला येतोय, मुलीच्या शेजारी बसून. मला घरातून बाहेर चक्कर मारायला पाठवणार आहेत. तेव्हा तुमच्यापैकी कुणी तो सिनेमा पाहिला असेल, तर शेवट काय ते सांगा. आणि वाईट असेल तर... इमारतीची वीज कुठून बंद करतात, तेवढंच सांगा.