नाल्याची बातमी

शेलूबाजारहून निघालेल्या जीपमध्ये माझ्यापुढं एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याच्या मांडीवर तीन पेपर होते.

"हे पाय मनकर्णा, तिन्ही पेपरांत छापलं. कारखान्याच्या पाण्यानं नाल्याले कायीच वास येत नाही म्हने."

"मंग आपल्या म्हशी त्या नाल्याच्या पाण्याले तोंड काहून लावत नाहीत?"

"म्हशीले पेपर वाचता येते का?"

"अवो, पन हे पेपर हायेत कोनाचे?"

"कारखानदाराचेच. तिन्ही त्यानं इकत घेतले."

"अन् तुमी रोज पाह्यता तो टीव्ही?"

"तो त्याच्या जावयाचा. पन चौघं बी एकच सांगून राह्यले, तं खरंच असन ना!"

"आपल्या वैभवीसाठी पोरगा पाह्यला, तवाबी तुमी तीन घरी चौकशी केली. तिन्ही घरी सांगतलं, पोरगा दारूले शिवत नाही."

"जुनं कायले काढतं?"

"तिन्ही घरं त्याच्या काकांचे निंगाले. पोरगी आता भोगून राह्यली."

"पेपरची गोष्ट येगळी असते, बाई."

"बरं. हा नाल्याचा पूल आला. आता तिन्ही पेपर नाकावर काहून दाबून राह्यले?"