उजवीकडचा खिसा

नाही नाही, ताई, हात नाही लावत, नुसतं बोट दाखवतोय — काचेला डाग पडू देणार नाही. चाळीस वर्षं लोकांचे पांढरे शर्ट शिवतोय, डाग म्हणजे काय ते मला विचारा. खरं सांगू? पंखा फिरताना दिसला म्हणून आत आलो, घटकाभर टेकायला. म्हटलं, एवढी मोठी खोली, एवढा उजेड, आणि चिटपाखरू नाही! मग बसल्या बसल्या तुमच्या प्रदर्शनातले फोटो बघितले. बोटी बघितल्या, म्हातारीची चप्पल बघितली — चपलेचा कुणी फोटो काढतं का, पण छान आलीय हो — आणि मग हा. शिंप्याचा. तोंड दिसत नाही, मशीनवर वाकलाय. पण मागं दोरीला शर्ट टांगलेत ना, ते बघा. आठ आहेत. आणि आठांचेही खिसे उजवीकडं!

काय म्हणता, फोटो उलटा छापला असेल? अहो, मग काजंसुद्धा उलटली असती की! काजं डावीकडंच आहेत, पुरुषांच्या शर्टाला असतात तशी — खिसा तेवढा उजवीकडं. असा शर्ट मी जन्मात एकच बघितलाय, आमच्याच दुकानात. धाकट्या भावानं शिवलेला. खडूची खूण बघायची आणि खिसा लावायचा, एवढंच त्याचं काम. गिऱ्हाइकानं शर्ट अंगात घातला आणि दुकान डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, आमचा हा धांदरट आहे, लक्ष कुठं असतं त्याचं! सगळे हसले. धाकट्यानं तो शर्ट उचलला, घडी घालून आपल्यापाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शर्ट अंगात घालून गेला, तो गेलाच. बावीस वर्षं झाली. — चूक? होती ना. खूणच चुकीच्या बाजूला होती. — खूण कोण करायचं? — मीच की. खडू माझ्याच हातात असायचा… हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं हो. तुमचा पंखा फार गार आहे, माणूस बोलत सुटतो.

बरं, खाली काय लिहिलंय ते वाचा ना, मला अक्षरओळख नाही. — गेल्या साली काढलाय? गेल्याच साली? म्हणजे आहे तो! आहे हो! गावाचं नाव पुन्हा सांगा. अजून एकदा. कागदावर नको, कागद मला काय सांगणार, पाठच करतो.

चला, जाऊन दुकान उघडतो. एक शर्ट शिवायचाय. माप कशाला, दिसतंय ना — खांदा तोच, पोट तेवढं सुटलंय लेकाचं. उद्या पहिल्या गाडीनं निघतो. खिसा? उजवीकडं! डावीकडं लावला तर म्हणेल, दादा अजून माझीच चूक काढतोय. आणि दारातच सांगणार, खूण माझी होती म्हणून — त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं. जा तुम्ही, जा, दाराशी कुणीतरी आलंय. त्यांना दाखवा बोटी, दाखवा चप्पल. आणि ह्याच्यापाशी आले की सांगा — हा आमच्या घरातला आहे.