संघप्रियानं हात वर केला

—नाही मॅडम, माझा फोटो नको. तुमचा सदाचार पुरस्कार संघप्रियाला द्या, जरूर द्या, पण ‘घडवणारे गुरू, हौसेराव सर’ हे जे छापलंय ना, ते खोडा आधी. बसा ना, उभ्या का? विनय? छे हो, विनय कसला! वीस वर्षं दिघ्याच्या या शाळेत पोरींना कबड्डी शिकवतोय, विनय परवडत नाही आम्हाला. मोठ्या बाईंनी काय सांगितलं तुम्हाला? एवढंच ना, की जिल्ह्याच्या फायनलला पोरगी खरं बोलली? बोलली की. नेरूळला सामना, बरोबरीत गुण, शेवटची चढाई. समोरची आली, हिच्या दंडाला नुसतं बोट लागलं, परत गेली. पंचाला दिसलं नाही. मला दिसलं — हो, दिसलं होतं मला. मी गप्प बसलो, आणि हिनं हात वर केला. “पंच सर, तिचं बोट लागलंय मला.” झालं! एका गुणानं गेलो. नाहीतर बरोबरी सुटून दोघांना जादा पाच-पाच चढाया मिळत होत्या, काढला असता आम्ही सामना...

मारलं? नाही, बोट नाही लावलं. बसमध्ये बोललो फक्त, सगळ्यांसमोर — “उद्या जर्सी धुवून आणून दे.” आणली की. इस्त्री करून आणली. आणि जिल्ह्याला पाठवलेल्या सामन्याच्या रिपोर्टात मी लिहिलं... जाऊ दे. — लिहिलं की समोरच्या टीममध्ये हिची मावसबहीण आहे, मुद्दाम केलं असणार. आहे का बहीण? आहे, पण राखीव, मैदानात उतरलीसुद्धा नव्हती. ठाऊक होतं मला. राग होता हो, डोकं फिरलं होतं!

मग वडील आले, अंकुशराव — कंपनीत हेल्पर आहेत, खाडा करून आले. वाटलं, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाले, “सर, खोटं बोलू नको असं मीच शिकवलंय तिला. चुकलं माझं. पण तिला खेळू द्या.” आणि मी काय म्हणालो? म्हणालो, “बघू.” त्या माणसाला मी... हे लिहून नका घेऊ. — नाही, घ्या. लिहा.

आता ती शाळेत येते, पण मैदानाकडं फिरकत नाही, कॅन्टीनच्या मागून वळसा घालून वर्गात जाते. आणि तुमच्या फॉर्मवर तिच्या चारित्र्याबद्दल प्रशिक्षकानं चार ओळी लिहायच्या म्हणता! कुठल्या तोंडानं लिहू? आधी तो रिपोर्ट मागं घ्यायला हवा, मीच खोटं लिहिलं म्हणून सांगायला हवं. नोकरी? दोन वर्षं उरलीत... बघू — नाही, ‘बघू’ नाही.

काय? तिला इथंच बोलावता? नको. नको म्हणतो ना! तिच्यासमोर काय बोलू मी, अजून... उठा मॅडम. मोठ्या बाई तासावर जायच्या आत गाठायचंय मला. चला, व्हा बाहेर, खोलीला कुलूप लावतो.