पाण्याचं नाव महादेवी

चौसाळ्याच्या स्टँडवर वनमाला बसची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मालकाचं कसं हाय, महादेवीअक्का?"

"जीव वाचला. मांडीतून नळी घालून मेंदूतली गुठळी ओढली. ओढताना तिचा तुकडा तुटून पुढं गेला, अन् वाचा गेली."

"कायच बोलत न्हाईत?"

"एकच शब्द राहिलाय. महादेवी."

"अगं बाई! तुमचं नाव?"

"जन्मात कदी घेतलं न्हाई. नुसतं 'ऐकलं का'. आता पानी पायजे तरी महादेवी, चहा पायजे तरी महादेवी."

वनमालाची बस लागली. ती उठली नाही.

"मग तुमालाच बोलवत्यात, हे कसं कळतं?"

"पानी नेते, चहा नेते. त्यांनी दोन्ही बाजूला सारलं, की म्हनते, आता मला हाक मारली."