सरासरी नावाचं घर

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या वीज कार्यालयाचे साहेब माननीय ओमप्रकाशजी. मंचावर विराजमान सरपंच किसनराव. सत्कारमूर्ती आदरणीय हरिभाऊ. त्यांच्या शेजारी नव्या पातळात अवघडून बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती सुमतीकाकू. आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले माझे समस्त बंधू-भगिनी,

सर्वांना माझा नमस्कार. माझं नाव कार्तिक. मागच्या ऑगस्टपासून यंदाच्या जूनपर्यंत मी या कार्यालयाचा कंत्राटी मीटर रीडर होतो. त्याआधी आदिलाबादेत गाद्या विकल्या, हिंगणघाटात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या, आणि सध्या पेरणीच्या ट्रॅक्टरवर फिरत असतो. बारावी झाली नाही. एका जागी बसणं मला जमत नाही, एका विषयावर बोलणंही जमत नाही, म्हणून हे लिहून आणलं आहे. तरी भरकटलो तर साहेबांनी घंटी वाजवावी.

हरिभाऊंची चौतीस वर्षांची सेवा. बिलाच्या टेबलावर बसलेला माणूस लोकांना सहसा आवडत नाही. मग या माणसाला निरोप द्यायला हे सभागृह भरलं कसं? कारण दर गुरुवारी दुपारी हरिभाऊ टेबल सोडून व्हरांड्यात सतरंजीवर बसत, आणि ज्याला बिल समजलं नाही त्याला ते समजावून देत. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. चहाही ते स्वतःच्याच पैशाने पाजत.

एक बाई एकदा तावातावानं आली. मी तिथंच होतो. "भाऊ, घरी तीनच माणसं अन् बिल पाहा! मीटरले भूत लागलं का?"

हरिभाऊंनी चष्मा वर केला. "जावई आलता काय?"

"आलता नं. पंधरा दिवस होता."

"कूलर लावला?"

"लावला. जावयाले का घामात बसवू?"

"मंग भूत नाई. बिल जावयाचं हाये."

हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

हरिभाऊ प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारत. घरात माणसं किती? सिलिंडर किती दिवस पुरतं, म्हणजे घर शिजवतं किती? काय काय चालू असतं? आणि मीटर स्वतःच्या डोळ्यानं शेवटी कधी पाहिलं? मला पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं की चार माणसांच्या साध्या घरात सिलिंडर पस्तीस-चाळीस दिवस जातं, एकट्या म्हाताऱ्या माणसाकडं अडीच महिने. छोटा एलईडी बल्ब रोज चार तास लावला तर महिन्याला जेमतेम एक युनिट. पंखा तेरा-चौदा तास फिरला तेव्हा कुठं एक युनिट होतं, म्हणजे दिवसभराचा पंखा टपरीवरच्या एका चहापेक्षा स्वस्त. काहीच जाळलं नाही तरी स्थिर आकार लागतोच, त्यावर चिडू नये. आणि महिन्याला शंभर युनिटांपर्यंत एक भाव, त्याच्या वरच्या युनिटांना दुसरा, चढा भाव. तो शंभराचा उंबरठा पाहून ठेवावा.

मी विचारलं, "म्हणजे एका घराचा सरासरी खर्च किती धरायचा?"

ते म्हणाले, "कार्तिक, सरासरी नावाचं घर या गावात कुठंच नाई. जाऊन पाहा लागते."

जाऊन पाहावं लागतं. एवढंच माझं काम होतं.

केळझरच्या टेकडीवरचा गणपती तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तिथली माकडं म्हणजे... नाही, माकडांचं राहू द्या. टेकडीच्या मागच्या अंगाला, चढावर, अगदी शेवटी एक दोन खोल्यांचं घर आहे. तिथं मनकर्णाबाई राहत. अंगणवाडीत मदतनीस होत्या. पुढं बसलेल्यांपैकी पुष्कळांची शेंबडं नाकं त्यांनी पुसली असतील. घरी एकट्याच. त्यांची लेक सुरभीताई, दिलेली हिंगणघाटला.

मागच्या ऑगस्टात मी तिथं पहिल्यांदा चढलो. सुरभीताई बाळंतपणाला आलेल्या होत्या. पाळणा बांधलेला, कूलर सुरू, बाळाच्या अंघोळीचं पाणी बादलीत रॉड टाकून तापत होतं. दार सताड उघडं. आजींनी मला पाणी दिलं, तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येजो, लेकरू हसाले लागन तोवर."

मी पुढच्या महिन्यात गेलो नाही.

चढ होता, ऊन होतं, कारणं पुष्कळ सांगता येतील. आमच्या मोबाइलमध्ये मीटरचा फोटो टाकावा लागतो. पण 'दार बंद' असं एक बटण असतं. ते दाबून एखाद्या बंद दाराचा फोटो टाकला की पुढं विचारत नाही, आधीच्या महिन्यांच्या सरासरीनं बिल काढतं. पायथ्याशी एक कायमचं बंद पडलेलं दुकान आहे. त्याच्या दाराचा फोटो मी टाकला, सप्टेंबरात आणि मग दर महिन्यात. मे महिन्यापर्यंत नऊ वेळा.

पोळा झाला आणि ताई बाळाला घेऊन सासरी गेल्या. घरात राहिली एक बाई, एक बल्ब, एक पंखा, एक जुना फ्रिज. पण सरासरी निघाली होती बाळंतपणाच्या महिन्यांवरून. एकशे अठरा युनिट, त्या शंभराच्या उंबरठ्याच्याही वर. बिलाच्या हिशेबी लेक आणि नातू त्या घरातून गेलेच नव्हते.

नोव्हेंबरात आजी कार्यालयात आल्या. टेकडी उतरून, चालत, तारेत ओवलेली सगळी बिलं हातात घेऊन. त्या आठवड्यात सुमतीकाकूंचं ऑपरेशन होतं, म्हणून हरिभाऊ सेलूला दवाखान्यात होते. व्हरांड्यात मी बसलो होतो, मोबाइल पाहत.

"बापू, पोरगी गेली, लेकरू गेलं, कूलर झाकून ठेवला. तरी आकडा तोच काऊन येऊन राह्यला?"

मी बिलाकडं पाहिलं. बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं, दार बंद. मला तेव्हाच कळलं होतं, मंडळी. दोन मिनिटांचं काम होतं, खरं बोलायचं आणि वर चढून आकडा आणायचा. मी म्हणालो, "आजी, वापर कमी करा."

"अजून?"

"हो, अजून."

त्यांनी मान डोलावली, मास्तरांनी सांगितल्यावर डोलावतात तशी. जाताना मला म्हणाल्या, "जेवला का रे?"

आजींनी माझं ऐकलं. आधी फ्रिज बंद केला, बिल तेवढंच आलं. बल्ब लवकर विझवू लागल्या, बिल तेवढंच. महिन्याच्या निराधार योजनेच्या पैशातले अर्ध्याहून जास्त विजेला जात, मग तिकडं भरता यावं म्हणून इकडं गॅस वाचवायला लागल्या. शेवटी पंखा. काय करायचं राहिलं असेल हो त्या बाईनं? कमी करणार, बिल पाहणार, स्वतःचीच काही चूक होत असेल असं समजून पुन्हा कमी करणार. आणि मी खाली बंद दुकानाचा फोटो काढणार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. आपल्याकडचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. शेजारीण पाहायला आली तेव्हा पंखा बंद होता, आणि वारं यावं म्हणून दार उघडं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. असेलही. मला तो आधार अजून धरता आला नाही.

जूनमध्ये ताईंनी मीटर काढायचा अर्ज दिला. हरिभाऊ साठीला टेकलेले, गुडघे दुखतात, तरी स्वतः चढले. मी मागं. मीटरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. नऊ महिन्यांत आम्ही आकारले होते एक हजार बासष्ट युनिट, आणि आजींनी जाळले होते दोनशे सत्त्याण्णव. मग ते आत गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजींच्या हातचं 'सिलिंडर लावलं' असं लिहिलेलं होतं, तारीख डिसेंबरची. त्यांनी सिलिंडर हातानं कलवून पाहिलं. अर्ध्याच्या वर भरलेलं. अडीच महिने पुरणारं सिलिंडर आजी जाईपर्यंतच्या पाच महिन्यांत अर्धंही सरलं नव्हतं.

हरिभाऊ ओट्याशी उभे राहिले. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "हे घर जेवत नव्हतं रे."

मग दाराकडं वळून त्यांनी विचारलं, "कुलूप कुठं होतं, कार्तिक?"

अजूनही त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलेलं नाही.

कार्यालयात आल्यावर त्यांनी जबाब लिहिला. "नोंदी तपासणं माझं काम होतं, मी त्या तपासल्या नाहीत." खाली त्यांची सही. मी म्हटलं, भाऊ, हे काय? तर म्हणाले, "खोटं काय लिहिलं? नऊ महिने एक घर बंद दिसते अन् माह्या डोक्यात प्रश्न येत नाई? अन् तुझं काय, नवीन मीटर आपोआप आकडा पाठवते, तुझं काम तसंही गेलं. हे तुझ्या नावावर गेलं तं कोणी उभं करणार नाई तुले." चौतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात एक ठपका आला, निवृत्तीला महिना उरला असताना. माझं नाव कुठंच नाही.

जास्तीचे पैसे वळते झाले आणि मनकर्णाबाईंच्या नावानं एक बिल निघालं, ज्यातली रक्कम वजा होती. ते घेऊन सुरभीताई आल्या. कागद टेबलावर ठेवून हरिभाऊंना म्हणाल्या, "हे आता कोणाले देता? तिले पंखा लावून देता?" हरिभाऊ हात जोडून उभे राहिले. मी कोपऱ्यात माठातून बाटली भरत होतो. बाटली भरून पाणी पायावर सांडत होतं तरी मी भरतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि निघालो. मला निघून जाणं चांगलं जमतं. परवा हरिभाऊंचा फोन आला. "निरोपाले तू बोलजो. माह्याबद्दल बोलू नको, सरासरीबद्दल बोल." पुढं इतकंच म्हणाले, "सुरभीले बी बोलावलं हाये. येतो म्हणाली."

त्या आल्या आहेत. शेवटच्या रांगेत, बाळाला मांडीवर घेऊन. बाळ आता चांगलं हसतं.

अध्यक्ष महोदय, सेवापुस्तकात जे लिहिलं आहे ते खोडता येतं की नाही, मला कळत नाही. येत नसेल तर त्याच्याखाली माझं नाव लिहा, पुढची जी कारवाई असेल ती माझ्यावर करा. यावेळी मी गाव सोडून जाणार नाही. गुरुवारी दुपारी व्हरांड्यात सतरंजी रिकामी राहील, साहेबांनी परवानगी दिली तर मी बसेन. ज्याला बिल कळलं नाही त्याच्या घरी जाऊन मीटर पाहून येईन, चढ असला तरी.

हरिभाऊ, सुमतीकाकू, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो. मला बोलायला उभं केलंत, सभेनं इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार मानतो. बोलण्यात मानपान चुकला असेल, पाल्हाळ झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका, ते मागायचा मला हक्क नाही.

हरिभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. सुरभीताई, तुम्हीही ऐका. कुलूप नव्हतं. तुमच्या आईचं दार नऊ महिने उघडंच होतं. मीच चढलो नाही.